शोकांक एकोणीस

मालूआत्याने तिसरा बेसनाचा लाडू उचलला आणि आईकडे डोळे भरून पाहिलं. "वहिनी, खरंच कमाल आहे हो तुमची," ती म्हणाली. "एवढा तरणाताठा मुलगा गेला, त्याला अजून सात महिने नाही झाले, पण घरात पाऊल टाकलं की कसं प्रसन्न वाटतं!"

आतल्या खोलीत शाल्मली पलंगाच्या कडेला बसून नऊ महिन्यांच्या कुहूला पाजत होती. दार अर्धं उघडं होतं. प्रसन्न वाटतं म्हणे. वाटणारच. या घरात आता कुणी रडत नाही, कुणी ताटावरून उठून जात नाही, पाहुण्यांना तोंड पाडून बसावं लागत नाही, वर लाडू मिळतात. भेटायला येणाऱ्यांना याहून सोयीचं दुःख कुठलं?

"ते टाकीचं सांगा की," आत्या म्हणाली. "मकरंदचं. काय रंगवायचात तुम्ही!"

"मकरंद सहा वर्षांचा होता," आईने सुरुवात केली. "शालूने त्याचा पतंग फाडला. तो सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर चढला. ती सॉरी म्हणेपर्यंत उतरणार नाही म्हणाला. अग्निशमन दलाची गाडी आली. मग तो उतरला. चहा टाकू का?"

बँकेच्या फोनवर जन्मतारीख सांगावी, तसा आवाज. आत्या तरीही मनापासून हसली. वाढलेलं पान न बघता जेवणाऱ्यांपैकी ती.

हीच गोष्ट सांगायला आईला एके काळी पाऊण तास लागायचा. ती खुर्चीवर चढून टाकी व्हायची, पदर खोचून अग्निशमनवाला व्हायची, "शालूऽ, सॉरी म्हण!" असं ओरडताना मकरंदचा चिरका आवाज काढायची आणि शेवटाला यायच्या आत स्वतःच हसून हसून डोळे पुसायची. शाल्मलीने पुढे कॉलेजात ती गोष्ट आपल्या मैत्रिणींना सांगितली, नवऱ्याला सांगितली, कुहू पोटात असताना कुहूलाही सांगितली. आईसारखी तिला ती कधी जमली नाही.

मकरंद मोठेपणीही चढतच राहिला. जतकडच्या माळावर पवनचक्क्या होत्या, त्यांची पाती तपासायला ड्रोन होते, आणि ड्रोनला जे जमत नसे त्यासाठी दोर लावून एक माणूस वर जात असे. तो माणूस मकरंद. आषाढातल्या एका मंगळवारी दुपारी तो नव्वद मीटरवरून पडला. एकोणतीस वर्षांचा होता.

तिसऱ्या महिन्यात आई-बाबांनी 'निवळ' उपचार घेतला. सांगलीत तेव्हा नुकतंच त्याचं केंद्र निघालं होतं. सत्राला बसायचं, नाकात औषधाचा फवारा घ्यायचा, आठवण बोलून टाकायची, दुःख निवळतं. मनगटावरच्या पट्ट्यावर शोकांक दिसतो. आईचा एक्क्याऐंशी होता, तो एकोणीसवर आला. बाबांचा अकरा. बाबा पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. हल्ली शीळ घालत दाढी करतात आणि मकरंदच्या पडण्याचा वेग किती असेल, हे समोरच्याला समजावून सांगतात.

शाल्मलीला उपचार मिळाला नव्हता, कारण ती अंगावर पाजत होती. औषध दुधात उतरतं, आणि बाळ ज्या वयात माणसांना जीव लावायला शिकतं, त्या वयात ते त्याच्या पोटात जाऊन चालत नाही. त्यामुळे या घरात दुःखी माणूस असं ती एकटीच उरली होती. पट्टा मात्र तिच्याही मनगटावर बांधला होता. तिचा शोकांक चौऱ्याहत्तर. तो बघून लोक तिच्याकडे असे पाहत, जणू तिने अंघोळ केलेली नाही.

त्यातून दुःखही भावाचं. नवरा गेला, मूल गेलं, आई-वडील गेले, तर लोक तुमच्याजवळ येऊन बसतात. भाऊ गेला की तुमच्यामागे कोण आहे ते वाकून बघतात. "आई-बाबांना जप हं." "आता तूच त्यांचा मुलगा." "तुझ्या पदरात बाळ आहे, तू रडायचं नाहीस." तिच्या कार्यालयाने तर नियमच दाखवला होता: सख्खा भाऊ, चार दिवस. पाचव्या दिवशी एकतीस वर्षांची शाल्मली कुणाचीच बहीण नव्हती.

* * *

तरीही ती उपचार घ्यायला तयार झाली, त्याला टबमधला प्रसंग कारण होता.

आठवडाभरापूर्वी ती आपल्या घरी कुहूला टबात बसवून अंघोळ घालत होती. बाहेर फोन वाजला. अनोळखी नंबर, दुपारची वेळ. एक हात कुहूच्या पाठीशी होता तो कधी सुटला, ते तिला कळलं नाही. दारातून ती नुसती त्या फोनकडे बघत राहिली. फोन थांबला, तेव्हा मागे वळली. कुहू आडवी झाली होती आणि पाणी तिच्या ओठांपाशी आलं होतं.

काही झालं नाही. पोर खोकली, रडली, दूध प्यायली आणि झोपली. शाल्मली मात्र तिच्याशेजारी बसून तिचे श्वास मोजत राहिली. अकराशेपर्यंत मोजल्यावर तिचा नवरा कौस्तुभ घरी आला. तिने स्वतःच त्याला सांगितलं.

"शालू, पुढच्या वेळी?" एवढंच तो म्हणाला. ओरडला असता तर तिला भांडता आलं असतं.

"तुला काय, मी सगळं विसरून जाऊ?"

"विसरू नकोस गं. पण ती वर्षाची झालेली मला बघायची आहे."

मालूआत्याशी, कार्यालयाशी, अख्ख्या सांगलीशी ती भांडली असती. याच्याशी नाही. तिने दूध तोडायला सुरुवात केली आणि केंद्राकडून गुरुवारची वेळ घेतली.

* * *

सत्राआधीच्या ओळखभेटीला तिला रविवारी बोलावलं होतं. केंद्रात डॉक्टर एकच होते, ते कुणाला दिसत नसत. बाकी सगळे 'सुहृद'. हे त्यांच्या हुद्द्याचं नाव. शाल्मलीच्या वाट्याला आलेला सुहृद पंचवीस-सव्वीस वर्षांचा, फिक्या रंगाच्या सदऱ्यातला, आणि इतका हळू बोलणारा की समोरच्याला आपण बहिरे झालो की काय, अशी शंका यावी. कोपऱ्यात समई तेवत होती. भिंतीतून पाण्याचा आवाज येत होता.

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, ताई," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी आपण आठवतो, तेव्हा ती उसवते. मग मेंदू ती नव्याने शिवून ठेवतो. त्याला साधारण सहा तास लागतात. त्या सहा तासांत आपल्या मनाभोवती जे असेल, ते तिच्यात शिवलं जातं. घाबरलेले असाल तर भीती, शांत असाल तर शांती."

"आणि फवारा?"

"मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो. दुखणं, धडधड, पोटात कालवणं, सगळं तिथून येतं. फवारा तेवढ्या भागाला सहा तास झोपवतो. माहिती शिवली जाते, कळ शिवली जात नाही. सगळं आठवतं, पण टोचत नाही."

"सगळंच निवळतं?"

"जे बोलाल, तेवढंच. जे उसवलंच नाही, ते तसंच राहतं."

"आणि एखाद्याने चुकीची आठवण सांगितली तर?"

सुहृद हसला. कुठल्यातरी प्रशिक्षणात शिकवलेलं हसू. "चुकीची आठवण नसतेच, ताई. तुम्ही काय बोलाल?"

"टाकीचं," ती म्हणाली. "लहानपणी तो टाकीवर चढला होता, ते."

"छान. सुंदर."

काय सुंदर? याला ती कुणाची कोण टाकी? पण ती मुद्दामच खोटं बोलली होती. तिला जे टोचत होतं ते तिने कौस्तुभलाही सांगितलेलं नव्हतं. त्या मंगळवारी, वर चढायच्या आधी, पावणेतीनला मकरंदने तिला फोन केला होता. दोन महिन्यांची कुहू दोन तास रडून नुकती झोपली होती. "शालू, ऐक ना," एवढंच तो म्हणाला. "मूर्खा, हिला आत्ता झोपवलंय, नंतर," असं ती दबक्या आवाजात खेकसली आणि तिने फोन कापला. हे त्या फिक्या सदऱ्यापुढे बोलण्यापेक्षा तिने विहिरीत उडी मारली असती.

* * *

दुसऱ्या दिवशी सोमवार. कुहूला पेज द्यायची म्हणून शाल्मलीने आईच्या स्वयंपाकघरात तांदळाचा डबा उघडला. मूठभर तांदूळ घ्यायला हात घातला, तर आत काहीतरी गुळगुळीत, कडक लागलं. आईचा फोन.

"आई, हा डब्यात कशाला?"

"असू दे तिथे." आईने मागे वळूनही पाहिलं नाही. "दमट हवा आहे. तांदूळ ओल शोषून घेतात."

"दमट? सांगलीत, माघ महिन्यात?"

"चार वाजले की काढते मी. तू झाकण लाव."

सव्वातीन झाले होते. आता शाल्मली नीट बघू लागली. आईने ओट्याची कड धरली होती. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. या घरात दुपारचा चहा हल्ली बाबा स्वतः करून घेतात, हेही तिला आत्ता आठवलं. बाबांनी ते 'माझी नवी आवड' म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळ्यांनी वा वा केली होती.

त्या मंगळवारी, तीन चाळीसला, कंपनीतल्या माणसाचा फोन आईला आला होता. आई तेव्हा चहा गाळत होती.

"आई, सत्रात तू काय बोललीस?"

"काय म्हणजे? मकरंदचं."

"मकरंदचं काय? तो फोन आला, ते बोललीस?"

"शालू!" आई दचकून वळली. "भर तिन्हीसांजेची वेळ होती. पुढ्यात समई लावलेली. दिव्यासमोर असलं अभद्र तोंडातून काढायचं? शोभतं का ते? मी चांगलं तेवढंच बोलले. जन्मला तेव्हाचं, बारशाचं, पहिलं पाऊल टाकलं ते, शाळेतलं, टाकीचं, त्याला नोकरी लागली तेव्हाचं. दोन तास बोलत होते. तो मुलगा म्हणाला, काकू, अजून काही असेल तर काढा बाहेर, काही ठेवू नका. म्हटलं, बघू या, आणखी काय काय आठवतंय."

शाल्मलीच्या हातातले तांदूळ खाली सांडले.

"आता त्याचं काही मनात आणलं, तर काही होत नाही गं," आई सावकाश म्हणाली. "त्याचा फोटो बघते. कुणाचातरी मुलगा आहे, चांगला दिसतोय, असं वाटतं. आणि हा मात्र रोज वाजतो."

"फोन?"

"वाजत नाही. पण वाजतो."

"मग बोलली का नाहीस आम्हाला?"

"तुझे बाबा एवढे आनंदात असतात." आईने पदराने कोरडा ओटा पुसला. "मला वाटलं, बरं होणं म्हणतात ते असंच असेल."

* * *

"पण आईंचा अंक एकोणीस आहे, ताई," सुहृद मंगळवारी म्हणाला आणि त्याने पडद्यावर उतरती रेघ दाखवली. "आमच्या सगळ्यात यशस्वी सत्रांपैकी एक."

"अंक मोजता कसा?"

"गेलेल्या व्यक्तीचे फोटो दाखवून."

"स्वतःच्या मुलाचा फोटो बघून तिला काही होत नाही! हा रोग आहे, आणि तुम्ही त्याची रेघ काढून मला दाखवताय!"

"आम्ही याला शांती म्हणतो."

"ती मृत्यूबद्दल एक अक्षर बोलली नाही, हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी मूळ प्रसंग सहसा बोलत नाहीत," सुहृद समजुतीच्या स्वरात म्हणाला. "दहातले सहा तरी गोड आठवणीच सांगतात. आमचं निरीक्षण आहे तसं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"अंक प्रत्येकाचा खाली आला, ताई." यात वावगं काय, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. "दुसरं सत्र घेऊ की. गुरुवारी तुम्ही येताच आहात, त्यांनाही घेऊन या."

शाल्मली उठली. दाराकडे जाताना तिचं लक्ष समईकडे गेलं. वाऱ्याने ज्योत हलत नव्हती. तिने वाकून बघितलं. ज्योत काचेची होती, खाली बारीक बॅटरी. ज्या दिव्याचा मान राखायला आई मुलाचं मरण गिळून बसली, तो दिवा यांनी घाऊक दुकानातून आणला होता.

* * *

बुधवारी दुपारी तीन वाजता तिने कुहूला बाबांकडे सोपवलं. बाबा तिला शीळ घालून दाखवायला बाहेरच्या खोलीत गेले. मग तिने तांदळाच्या डब्यातून फोन काढला, पुसला आणि ओट्यावर ठेवला.

"ठेव तो आत," आई म्हणाली.

"आज बाहेर राहू दे. तू चहा टाक."

"शालू, माझ्याच्याने नाही होणार."

"आधी मी बोलते. तू नुसतं आधण ठेव." आणि पातेल्याकडे बघत, आईकडे न बघता, तिने पावणेतीनच्या फोनचं सांगून टाकलं. मूर्खा म्हटलं, तेही. कापला, तेही.

आईने आधणाखालची आच बारीक केली आणि गाळणी हातात घेतली. "काय सांगायचं होतं त्याला?"

"मला काय माहीत? मी ऐकलंच नाही ना."

त्यावर आई काही म्हणणार, तेवढ्यात फोन वाजला. ओट्यावर थरथरत तो साखरेच्या डब्याला जाऊन टेकला. आईच्या हातातली गाळणी खाली पडली. टबातलं पाणी शाल्मलीच्या डोळ्यांपुढे आलं. तिने फोन उचलला आणि स्पीकर चालू केला.

"नमस्कार! निवळ परिवारातर्फे आपली आपुलकीने विचारपूस," यंत्रातली बाई लाडात म्हणाली. "आपलं दुःख किती निवळलं आहे? कृपया एक ते पाचपैकी अंक सांगा."

आई फोनकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. शाल्मलीने तिचा हात धरला.

"माझा मुलगा मेला," आई म्हणाली.

"क्षमस्व. आपलं उत्तर समजलं नाही. एक ते पाचपैकी..."

"मेला!" आई ओरडली. हा शब्द तिने सात महिन्यांत एकदाही उच्चारला नव्हता. "वरून पडून मेला माझा मकरंद! चहा गाळत होते मी. त्या माणसाला म्हटलं, हो. म्हटलं, बरं! फोन ठेवला आणि ह्यांना कप नेऊन दिला. साखर बरोबर आहे का, विचारलं ह्यांना! साखर विचारली मी, शालू!"

"धन्यवाद. आपलं उत्तर नोंदवलं आहे. कुटुंबातील शाल्मली यांचं सत्र उद्या आहे. कायम ठेवण्यासाठी एक, रद्द करण्यासाठी दोन दाबा."

शाल्मलीने दोन दाबलं, आणि बाई आभार मानत असतानाच फोन बंद केला. कौस्तुभला काय सांगायचं, ते तिने सकाळीच ठरवून ठेवलं होतं. गावातल्या एका म्हाताऱ्या मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे जायचं. त्या तासभर रडू देतात म्हणे, आणि बाळ अंगावर पीत असताना चालतील अशा गोळ्या देतात. तोवर कुहूची अंघोळ त्याने घालायची.

आई ओट्याला टेकून खाली बसली होती. खांदे गदगदत होते, श्वास लागत नव्हता, नाक वाहत होतं. अंक काय असेल? शंभरच्या पुढे मोजत असतील का मेले? शाल्मली तिच्याशेजारी फरशीवर बसली. सहा तास, तो फिका सदरा म्हणाला होता. आठवलं की उसवतं, आणि भोवती जे असेल ते तिच्यात शिवलं जातं. फवाऱ्याशिवायसुद्धा.

"आई, टाकीचं सांगू?"

आईने मान हलवली. नको की हो, ते कळलं नाही. शाल्मली उठली, स्टुलावर चढली आणि टाकी झाली. तिला आईसारखं जमत नव्हतंच. तिचा अग्निशमनवाला शाळेतल्या शिपायासारखा बोलायचा. तरी तिने चिरका आवाज काढला, "शालूऽ, सॉरी म्हण!" खाली जमलेली सोसायटी दाखवली, शिट्टी वाजवणारा वॉचमन दाखवला, हात जोडून 'म्हण गं बाई एकदा' म्हणणारे बाबा दाखवले. "आणि मग मी सॉरी म्हटलं," ती स्टुलावरून उतरत म्हणाली, "आणि तो खाली आला."

"कुठलं म्हणतेस!"

आईने डोळे पुसलेही नव्हते. फरशीवरची गाळणी तिने उचलली आणि शाल्मलीच्या दिशेने उगारली.

"तू सॉरी म्हणालीस? तू? जिन्याच्या पायरीवर ढिम्म बसून राहिलीस! मी दोन रट्टे दिले तरी तोंड उघडलं नाहीस. सगळ्या जगाला खोटं सांगत फिरतेस होय? तोच उतरला, बिचारा. त्या माणसाच्या खांद्यावर बसून आला खाली, गुडघे सोललेले, आणि वर मलाच समजावतो. म्हणतो, जाऊ दे आई, शालूला नको मारू. ती नंतर म्हणेल."

शाल्मली स्टुलाला धरून उभी राहिली.

"मग? म्हणालीस का नंतर?" आईचा आवाज चढला होता, मान ताठ झाली होती. सात महिन्यांत पहिल्यांदा ती मकरंदच्या बाजूने भांडत होती. "सांग ना! म्हणालीस का माझ्या पोराला?"